रावसाहेबांसाठी वेगळी खूण

भिंगरीला हवं होतं पिल्लू. मुठीएवढं, मऊ, चपला चावणारं. घरी आणला तो चोवीस किलोंचा, सहा वर्षांचा तपकिरी कुत्रा. त्याचा एक कान उभा आणि दुसरा आडवा होता, आणि चेहऱ्यावर भाव असा, की जणू तोच भिंगरीला दत्तक घ्यायला आलाय.

ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेत कामाला होती. लहानपणी पाय एका जागी ठरत नसत म्हणून घरच्यांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. आता तीच भिंगरी दिवसाचे आठ तास स्टुलावर बसून गुलाबी मेणात एकेक दात रांगेत उभा करायची. अनोळखी माणसांचं हसू रोज तिच्या हातून घडायचं. संध्याकाळी केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या एका खोलीत आली, की मात्र तिच्याकडे बघून हसायला कुणी नसायचं. चोविसावं वर्ष लागलं आणि तिने ठरवलं, कुत्रा आणायचा.

"कुत्रा?" फोनवर आई ओरडली. "अगं, तुला कुंडीतली कोरफड जगवता आली नाही!"

"कोरफड भुंकून पाणी मागत नाही, आई. कुत्रा मागेल."

सोडून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ती गेली. तिथे पिल्लांनी नुसता उच्छाद मांडला होता. एकाने तिच्या ओढणीचं टोक पकडलं, दुसऱ्याने बुटावर कार्यक्रम उरकला. या सगळ्या गोंधळात हा तपकिरी गृहस्थ मधोमध आडवा होऊन गाढ झोपलेला. "फार शांत आहे हो," तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "आभाळ कोसळलं तरी दचकत नाही." भिंगरीला ते आवडलं. तिने अर्जावर सही केली.

पहिल्या आठवड्यात तिने त्याला बावीस नावांनी हाका मारून पाहिल्या. गोड आवाजात मारल्या, दरडावून मारल्या, हातात बिस्कीट लपवून मारल्या. पठ्ठ्या ढुंकून बघेल तर शपथ! शेवटी ती वैतागून म्हणाली, "हाकेला ओ द्यायची नाही म्हणजे तुम्ही मोठे रावसाहेबच!" तेच नाव पडलं.

मग एके सकाळी मांडणीवरची तीन पातेली एकदम खाली कोसळली. शेजारणीने घाबरून दार ठोठावलं. पातेल्यांपासून हातभर अंतरावर रावसाहेब घोरत होते. तेव्हा कुठे भिंगरीच्या डोक्यात प्रकाश पडला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, डबा वाजवला आणि चष्मा काढून म्हणाले, "ठार बहिरा आहे. आता हाका बंद करा. जमिनीवर पाय आपटा, त्याला हादरा कळेल. बाकी सगळं हातांनी शिकवा."

घरी येताना तिला रडूही येत होतं आणि हसूही. आठवडाभर बिचाऱ्याला शिष्ट, आळशी, गर्विष्ठ काय काय म्हणाली होती. एक बरं, त्यातलं त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

तिने पाय आपटायला सुरुवात केली. रावसाहेब तात्काळ वळून बघायला लागले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. हे निवृत्त वाहतूक हवालदार. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या ताठ.

"माझ्या डोक्यावर तुम्ही काय तालीम काढलीय का? दिव्याची शेड निखळून चहात पडली माझ्या!"

भिंगरीने घाबरत घाबरत सगळं सांगितलं. काकांनी रावसाहेबांकडे बघितलं. रावसाहेबांनी काकांच्या मिशांकडे.

"हातांनी शिकवायचंय?" काका हळूच म्हणाले. "आणि ते तुम्ही असं शिकवताय? माश्या मारल्यासारखं? हात कसा हवा, खांद्यापासून सरळ! बघा."

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला खोलीत वर्ग भरू लागला. पंजा समोर, म्हणजे थांब आणि बस. हात आडवा, म्हणजे बाजूला हो. हात छातीकडे ओढला, म्हणजे ये. शिट्टीचा उपयोग नव्हता याचं काकांना वाईट वाटायचं. "शिट्टी नाही म्हणजे निम्मा हवालदार गेलाच की," ते म्हणायचे. पण महिनाभरात रावसाहेब असे तयार झाले, की भिंगरीने आळस द्यायला हात वर केला तरी चटकन बसायचे.

आणि मग तो रविवार आला. पाण्याचा कॅन पोहोचवणारा माणूस दार उघडं टाकून आत आला, आणि रावसाहेब त्याच्या पायांमधून पसार. भिंगरी जिने उतरेपर्यंत ते फाटकाबाहेर होते. समोरच मोठा रस्ता. सवयीने ती जिवाच्या आकांताने ओरडली, "रावसाहेब!" चार माणसांनी वळून पाहिलं. ज्याने पाहायला हवं होतं तो खुशाल रस्त्याच्या मध्याकडे निघाला होता. एक टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत येत होता. रावसाहेबांच्या लेखी हॉर्न नव्हताच.

इतक्यात काका धावत आले. बनियन, अर्धी चड्डी आणि एका गालावर दाढीचा फेस. ते थेट रस्त्यात घुसले आणि खांद्यापासून हात सरळ करून पंजा दाखवला. टेम्पो थांबला. बस थांबली. स्कूटरवाले थांबले. रावसाहेबही थांबले आणि शिकवल्याप्रमाणे मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर ऐटीत बसले.

काकांनी समाधानाने हात छातीकडे ओढला, म्हणजे ये. रावसाहेब उठले. पण तीच खूण बघून सगळ्या गाड्याही निघाल्या.

"ए! तुम्ही नाही! थांबा!" काकांचा पंजा पुन्हा वर. गाड्या थांबल्या. रावसाहेब बसले.

काकांनी परत बोलावलं. गाड्या परत निघाल्या. पुन्हा पंजा. तिसऱ्या वेळी पुढचा स्कूटरवाला न राहवून म्हणाला, "साहेब, एकदा नक्की ठरवा ना, कुणाला बोलावताय?"

भिंगरीने मग विचार केलाच नाही. धावत जाऊन चोवीस किलोंचं ते धूड दोन्ही हातांनी उचललं आणि डुलत डुलत निघाली. रावसाहेबांना वाटलं लाड चाललेत. त्यांनी तिचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत चाटून काढलं. बसचा चालक खिडकीतून वाकून म्हणाला, "ताई, त्याला पट्टा बांधा. आणि साहेबांना शर्ट द्या!"

घरी न जाता ती जिन्याच्या पायरीवरच बसली. तिने कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि पोटभर रडून घेतलं. काका दोन पायऱ्या खाली बसले होते. फेस वाळून पापड झाला होता.

"तीस वर्षं चौकात उभा राहिलो," ते म्हणाले. "हात दाखवला की माणसं मनात शिव्या द्यायची. कळायचं ना तोंडावरून. हात दाखवल्यावर शेपूट हलवणारा हा पहिलाच भेटला." मग ते दाढी पुरी करायला उठून गेले.

दुसऱ्याच दिवशी रावसाहेबांसाठी बोलावण्याची वेगळी खूण शोधली गेली: दोन्ही हात स्वतःच्या कानांशी नेऊन पंख्यासारखे हलवायचे. भर रस्त्यात असं करायला काका आधी तयार नव्हते. "खात्यात असली खूण नाही," म्हणाले. आता बाजारात करतात आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे अशा नजरेने बघतात, की तो निमूट बाजूला होतो.

दिवाणावर केस नकोत, ताटाजवळ कुत्रा नको, अशा सतरा अटी घालून आई दोन दिवसांसाठी आली आणि नऊ दिवस राहिली. भिंगरी कामावरून परतली, की बंद दाराबाहेरूनच आईचं बोलणं ऐकू यायचं. गुडघेदुखी, आत्याने केलेला अपमान, मुलगी वेगळी राहायला गेल्यापासून घर कसं खायला उठतं, सगळं. एकदा भिंगरी म्हणाली, "आई, त्याला ऐकू येत नाही गं."

"माहितीय मला," आई म्हणाली. "पण मध्ये मध्ये बोलत तर नाही! आणि बघतो बघ कसा तोंडाकडे. तुझे बाबा तेवढंही करत नाहीत."

रावसाहेब दिवाणावर, आईच्या मांडीवर डोकं टेकून पडले होते.