पानावरची रेघ

मोखाड्याच्या सरकारी क्वार्टर्समध्ये माझ्या शेजारी एक भाऊसाहेब राहायचे, कचेरीत कारकून. माणूस वाईट नव्हता. दर रविवारी एसटीनं जव्हारला जायचे आणि सायबर कॅफेत बसून इंटरनेटवर जपानी ऑर्किडच्या लिलावात बोली लावायचे. ऐन वेळी वीज गेली, तर त्या दिवशी जेवायचे नाहीत. शेवटी पार्सलनं एक रोप आलं. बोटाएवढं, पानावर पांढरी रेघ.

“फुलाचं काय घेऊन बसलात, गुरुजी,” ते आवाज खाली आणून म्हणायचे, “सगळी किंमत त्या रेघेची.”

कचेरीसमोरच्या आंब्यावर सीतेची वेणी, आपल्याच रानातलं ऑर्किड, लोंबत फुलायची. तिच्याकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही.

उन्हाळ्यात टँकर आला की वहिनी हंडे भरायच्या आणि आधी त्या रोपावर गाळलेलं पाणी शिंपडायच्या. रोप तरारलं. नवी पानं आली, पण नुसती हिरवी. रेघेचं जुनं पान पिवळं पडून गळलं.

त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी रोप उपटून कुंपणापलीकडे टाकलं.

“अहो, जिवंत होतं ते!” वहिनी दारातून म्हणाल्या.

“असली हिरवी पानं रानात ढीगभर आहेत,” ते शांतपणे म्हणाले. “आता दुसरं यायचंय. कुंडी धुवायला पाणी आण.”

टँकर परवा यायचा होता. वहिनींनी हंडा तिरका केला, तळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि त्या रिकाम्या कुंडीवर ओतलं.