हाकेतला इंग्रजी एस

गिरगावात, एका वाडीच्या तळमजल्यावर आमचं पुस्तकांची पानं लावायचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर आणि मी. पानं लावण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मीच सांगते. इतरांनी सांगायची वाट बघत बसले तर झालंच.

मागे परळहून एक निवृत्त मास्तर आले. चाळीतल्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. लिहून होईतो साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते.

"छापा तुम्ही, पण मला ते फोनवर ऐकता आलं पाहिजे," ते म्हणाले. "कुणी वाचून दाखवलेलं नको. माझं मी ऐकणार."

"त्यात काय सर, एक्स्पोर्टचं तर काम," मी म्हटलं.

खरंच मला त्यात काही वाटत नव्हतं. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही फोटोओळ, असे टॅग लावले की फोन वाचताना गोंधळत नाही. फोटो वेगळे काढायचे आणि प्रत्येकामागे एक वाक्य ठेवायचं, ज्याला दिसत नाही त्याला ऐकू जाईल असं. जयंतीची मिरवणूक, विहाराच्या पायऱ्यांवर बसलेली पोरं, सगळ्यांची वाक्यं मी मन लावून लिहिली. फाइल द्यायला स्वतः परळला गेले. शाबासकी घ्यायलाच गेले म्हणा ना.

मास्तर फोन मांडीवर ठेवून ऐकायला बसले. "गॅलरीत वाळत घातलेले पापड, मागे लेखकाची आई," फोन म्हणाला.

"कुरडया त्या," मास्तर म्हणाले. "पापड आये घरातच घालायची." मी मुकाट्यानं लिहून घेतलं.

पुढच्या प्रकरणात त्यांच्या आईची हाक आली. ती गिरणीत वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. पाळी सुटली की चाळीखालूनच वर लेकाला हाक मारायची, पिशवी घ्यायला ये म्हणून. फोन सपाट आवाजात म्हणाला, "बाळा एस एस एस."

मला फिसकन हसू आलं. मास्तर हसले नाहीत.

"डोळे गेल्यापासून तिचा चेहरा पुसट होत चाललाय, बाई," ते म्हणाले. "हाक तेवढी राहिलीय. ती तरी नीट येऊ द्या."

माझे कान तापले. चूक सरळसरळ माझी होती. हाक लांबवायला मराठीत अवग्रह असतो, नागमोडी चिन्ह. जुन्या फॉन्टांत त्याची कळ शोधत बसण्यापेक्षा आम्ही सगळेच इंग्रजी एस ठोकून मोकळे व्हायचो. कागदावर कुणाच्या बापाला कळायचं नाही. फॉन्ट बदलले, माझं बोट बदललं नाही. डोळ्यांना फसवायची सवय होती मला, आणि हा माणूस कानांनी वाचत होता.

ऑफिसात येऊन सगळे एस एका झटक्यात बदलायला गेले, तर मास्तरांच्या SSC परीक्षेचाच अवग्रह झाला. मग मुकाट्यानं एकेक हाक शोधून हातानं बदलली. 'दु:ख'मध्ये घुसवलेले कोलन काढून खरे विसर्ग घातले. कुरडयाही घातल्या. पुन्हा एक्स्पोर्ट केलं, या वेळी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि मगच परळ गाठलं.

फोन म्हणाला, "बाळा." एस गेले होते, पण हाक भाजीच्या यादीतल्या नावासारखी आली.

"सर, याहून लांब त्याला ओढता येत नाही हो," मी म्हटलं.

मास्तरांनी बोट ठेवून फोन थांबवला. "शब्द बरोबर आलाय ना? मग पुढचं मी बघतो."

आणि पासष्टी उलटलेल्या त्या माणसानं मान वर करून, बाईच्या आवाजात, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक घातली, "बाळाऽऽऽ!"

मी दाराकडे तोंड फिरवलं. रडू आवरेना मला.

मास्तरांनी चाचपून फोन पुन्हा सुरू केला. फोन पुढची ओळ वाचू लागला, "आलो गं, आये."