चढेल की पडेल, तेवढं सांग

बाबांच्या दहाव्याला बाणगंगेवर आम्ही कावळ्याची वाट बघत उभे होतो. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. कावळे समोरच्या पत्र्यावर बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. गुरुजी म्हणाले, त्यांच्या मनात काही राहिलं असेल, शब्द द्या त्यांना. मी हात जोडून डोळे मिटले, आणि तेवढ्यात कानाशी चुलतभावाचा आवाज आला, "ताई, आयटीचे शेअर ठेवू की काढू? डॉलर वर जाणार म्हणतात."

त्याला तिथल्या तिथे तळ्यात ढकलायला हवं होतं. त्याऐवजी मी "नंतर बोलू" म्हणाले, ह्याचा मला अजून राग येतो.

मी ज्या कंपनीत काम करते ती डिलाईल रोडच्या चाळींपलीकडे एका काचेच्या टॉवरमध्ये आहे. कंपनी कपडे परदेशात पाठवते, पैसे चार महिन्यांनी डॉलरमध्ये येतात. त्या डॉलरचा भाव आजच बँकेशी ठरवून टाकायचा, हे माझं काम. दर तीन महिन्यांनी मोठे गुंतवणूकदार फोनवर जमतात आणि साहेबांना विचारतात, रुपयाचं काय होईल, पुढचा अंदाज काय. साहेब घसा साफ करून म्हणतात, "आम्ही सावध आहोत, पण आशावादी आहोत." हे वाक्य मी लिहिलेलं आहे. रुपया पडला तरी चालतं, चढला तरी चालतं. लाखांत पगार घेणारी माणसं ते ऐकून "थँक यू सर, व्हेरी हेल्पफुल" म्हणतात आणि फोन ठेवतात. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

कारण आमच्या फणसवाडीतल्या चाळीच्या गॅलरीत असं वाक्य चालत नाही. तिथे शेजारचे काका खुर्ची टाकून बसलेले असतात. मूळचे देवगडकडचे, जन्म सगळा बस चालवण्यात गेला, मला परकरात असल्यापासून बघितलेलं. एकदा त्यांनी विचारलं, तू नेमकं करतेस तरी काय?

मी म्हटलं, "काका, गणपतीला गावी जायचं तिकीट तुम्ही कधी काढता?"

"बुकिंग उघडला की त्याच दिवशी. मागसून गावता काय?"

"मग मी तेच करते. पुढच्या डॉलरचा भाव आज पक्का करायचा. मग भाव कुठेही जाऊ दे, आपण आपल्या गावी पोचतो."

काका विचारात पडले. मग त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे दोनाच्या जागी दहा काढून ठेवली, तर आठ ब्लॅकनं जातील की गो!"

सगळी गॅलरी हसली. मीही हसले. संरक्षण आणि सट्टा यांच्यातला फरक काकांनी एका वाक्यात मांडला होता, फक्त चुकीच्या बाजूला उभं राहून.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीला अमेरिकेत शिकायला प्रवेश मिळाला. फिजिओथेरपी झालेली, हुशार, कष्टाळू पोरगी. काकांनी फंडाचे पैसे तिच्या फीसाठी बाजूला काढून ठेवले होते. डॉलर रोज थोडा थोडा महागत होता. काकांनी मला घरात बोलावून, दार लोटून विचारलं, "फी आता भरू की थांबू?"

"आजच भरून टाका. उद्या डॉलर स्वस्त झाला तर मला शिव्या घाला, पण भरा."

"पण तो चढेल की पडेल, तेवढं सांग."

"ते मला कळत नाही, काका. कुणालाच कळत नाही."

"एवढी वर्षं त्याच कामात काढलीस, आणि कळत नाय?"

दोन दिवसांत वाडीत झालं, हिला सगळं माहीत असतं, पण सांगत नाही. शिकली ना, आता आपली माणसं कशाला हवीत! काकू नळावर भेटल्या तर मान वळवायला लागल्या. ह्याच काकूंच्या हातच्या घावण्यांवर मी वाढले. फार लागलं मला ते. खरं बोलल्याची शिक्षा होते हे ऐकून होते, पण ती घरच्यांसारख्या माणसांकडून होते हे ठाऊक नव्हतं.

मग दादरला एका हॉलमध्ये मोफत व्याख्यान होतं, 'बाजाराची पुढची दिशा'. चहा-वडा त्यांचाच. काका म्हणाले, चल, बघ तरी जाणकार कसा बोलतो. वक्ता कोट घालून आला होता. दिवाळीपर्यंत बाजार कुठे असेल, डॉलर कुठे असेल, त्याला सगळं माहीत होतं. डॉलर महागला तर तो फरक ऑप्शनच्या, म्हणजे मुदतीच्या सौद्यांतून महिन्याभरात कसा काढायचा, तेही. लोक मान डोलावत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून विचारलं, "मागच्या वर्षी तुम्ही जे सांगितलंत, त्यातलं किती खरं झालं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, बसा खाली!" वक्ता गोड हसला. "प्रश्न उत्तम आहे, पण वेळ कमी आहे." टाळ्या पडल्या. माझ्या प्रश्नाला नव्हे, त्याच्या उत्तराला. काकांनी माझा हात ओढून मला बसवलं. चारचौघांत मी त्यांची मान खाली घातली होती म्हणे. जिन्यातच त्यांनी त्या माणसाच्या टिप्सच्या ग्रुपमध्ये नाव नोंदवलं.

पुढे काय झालं ते कुणीही सांगेल. एवढा एक अंदाज मलाही जमला असता.

एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. काका गॅलरीत आले, दाढी वाढलेली, हातात मोबाईल. फीचे निम्म्याहून जास्त पैसे गेले होते. फी महिनाअखेर भरायची होती आणि मुलीला काहीच माहीत नव्हतं. "तिला सांगू नको," एवढं ते दोनदा म्हणाले. मग मोबाईल माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "वर येतील ना गो?"

ऑप्शनची मुदत संपली की ते पैसे संपले. वर यायला तिथे काही उरत नाही. हे मी ओरडून सांगणार होते. 'सांगितलं होतं ना' म्हणायचं, किती दिवसांचं साठलेलं सगळं ओकून टाकायचं, असं ठरवलंच होतं मी. पण त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता, देवळात प्रसादाला ओंजळ धरावी तसा. ज्या हातांनी तीस वर्षं बस चालवली, ते हात. आत काकूंच्या विळीचा आवाज थांबला होता.

"येतील," मी म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा मी अंदाज सांगितला. आणि काकांचा चेहरा असा उजळला, जसा कित्येक महिन्यांत उजळला नव्हता. ते माझ्या जवळ सरकले, आवाज खाली आणला.

"मग उरलेले पण घालू?"

मी त्यांच्या हातातला मोबाईल हिसकावून घेतला आणि त्यांच्या मुलीला हाक मारली. अख्खी वाडी ऐकेल अशी. "नको गो बाय, नको," काका म्हणत राहिले, माझ्या हाताला धरून. दोन बिऱ्हाडांची दारं उघडली. ती ओले केस पुसत बाहेर आली, तिने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं गं ताई?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.