एका घासाचं साक्षगंध

माझ्या धाकट्या भावाचं लग्न मी चावून चावून मोडत आणलं होतं. हे मी अभिमानानं सांगत नाही. पण घरातले सगळे पाहुण्यांना सांगतातच, तेव्हा म्हटलं आपणच नीट सांगावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात मी नोकरीला होतो. सकाळी गादीवर बसायचं ते दिवे लागल्यावर उठायचं. मधल्या वेळात चहा, तर्रीपोहे, पुन्हा चहा. रात्री साडेदहाला ताटभर जेवण आणि लगेच आडवं. एवढी सेवा केल्यावर पोटानं बंड केलं यात त्याचा दोष नाही. जळजळ, करपट ढेकर, आणि सकाळी संडासाबाहेर घरची सगळी मंडळी रांगेत उभी असताना आत माझी अर्धा तास निष्फळ तपश्चर्या!

आमच्या गल्लीतल्या वैद्यकाकांनी चार गोष्टी सांगितल्या. रात्री लवकर जेवायचं, चहा अर्ध्यावर आणायचा, रोज दोन मैल चालायचं आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. मी चारही ऐकून घेतल्या आणि चौथी तेवढी स्वीकारली. कारण ती एकच बसल्या जागी करता येत होती. (चावताना बोलायचं नाही, हा नियम मात्र मी माझ्या मनानं वाढवला. बोललं की मोजणी चुकायची.)

घरी बायकोनं चार दिवस सोसलं. पाचव्या दिवसापासून ती माझं ताट वाढून शेजारणीकडे बसायला जाऊ लागली आणि परत येईपर्यंत माझी दुसरी पोळी चालू असायची.

अशात धाकट्याचं, म्हणजे मधुकरचं लग्न ठरलं. मुलगी भिवापूरची, नाव वेणू. आमचे वडील वारलेले, त्यामुळे साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, वडीलधारा म्हणून मी. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं आम्ही सतरा जण गेलो. परतीची गाडी दुपारची होती. कुंकू लागलं, साडी-चोळी झाली आणि पंगत बसली. पहिल्या पाटावर मी, शेजारी मधुकर. मी हात धुतल्याशिवाय कोणी उठायचं नाही, हा रिवाज. दुसरी पंगत दारात उभी.

मुलीचे वडील दौलतराव यांची मिरचीची शेती. त्यांनी पाहुण्यांसाठी आपल्या शेतातली उत्तमातली उत्तम मिरची काढली होती आणि ती सगळी आलूवांग्यात घातली होती. मी पहिला घास तोंडात टाकला आणि डावा हात मांडीवर ठेवून बोटांवर मोजायला लागलो.

तिखट माणूस गिळतो म्हणून वाचतो, हे मला त्या दिवशी कळलं. एकच मिरची मी बत्तीस हप्त्यांत खात होतो. बाराव्या चावण्याला कान तापले. अठराव्याला डोळ्यांतून धारा लागल्या.

दौलतराव समोर येऊन उभे राहिले. जेवण बरोबर आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी एकोणिसावर होतो. मान डोलवली, पण तोंड पोळल्यामुळे ती होकाराची डोलली की नकाराची, ते मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी तूप आणवलं. मग त्यांचे भाऊ आले, मग मामा आले. वराचा मोठा भाऊ जेवत नाही, बोलत नाही आणि रडतो आहे, ही बातमी आतल्या खोलीत पोचली. मानपानात काही राहिलं असेल म्हणून कोणीतरी माझ्या खांद्यावर आणखी एक शेला आणून घातला.

मधुकर कानाशी लागला. "दादा, गिळ न गा."

पण मी सत्ताविसावर होतो. सत्तावीस वेळा सोसल्यावर कोण सोडतं?

तेवढ्यात दौलतरावांनी हात जोडले. त्यांचं काही चुकलं असेल तर सांगा, म्हणाले. पन्नाशीचा माणूस सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडून उभा. मला खरोखर लाज वाटली. एक मिनिट थांबा, एवढंच सांगावं म्हणून मी एक बोट वर केलं.

त्यांचा चेहरा पडला. "एक तोळा?" ते हळूच म्हणाले. "बोलणीत तर नव्हतं जी. एवढं आमच्यानं नाही होत."

 मधुकरनं माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईनं गिळलं. आणि ठसका लागला! खुलासा करायला तोंड मोकळं झालं, तर आवाज गेला. मी खोकत होतो, दोन्ही हात नाही-नाही म्हणून हलवत होतो, आणि मामांनी त्याचा अर्थ लग्न नाही असा लावला. दारामागे एका बाईचा हुंदका ऐकू आला.

तेव्हा आतून वेणू बाहेर आली. अशा वेळी मुलीनं पंगतीत यायचं नसतं, पण ती आली. हातात ताकाचा गडवा होता. तो माझ्यापुढे ठेवून ती वडिलांना म्हणाली, "बाबा, ते काही मागून नाही राहिले. ते मोजून राहिले. मी दारातून केव्हाची पाहून राहिली, त्यायची बोटं चालू हायेत. त्यायचं पोट खराब असन."

मी ताक प्यायलो आणि मान डोलवली. या वेळी होकाराची.

आधी दौलतराव हसले, मग सगळी पंगत. उरलेलं जेवण मी साध्या माणसासारखं दहीभात खाऊन उरकलं. गाडी मात्र गेलेली होती. सतरा माणसं संध्याकाळच्या बसनं उभ्यानं नागपूरला आली आणि वाटेतल्या उमरेडपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही.

वैशाखात वेणू आमच्या घरी आली. नव्या सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलायचं नाही, अशी पद्धत. ती बायकोला सांगायची, बायको मला. "भाऊजीले म्हणा, सात वाजता ताट वाढून राहिली." सात म्हणजे सात. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील, दुपारच्या डब्यात भाकर आणि कुठलीतरी पालेभाजी, चहाचे दोनच कप. दुकानातून येताना रिक्षा करायची नाही, पायी यायचं. सकाळी उठल्यावर तांब्याभर पाणी, मग रोज ठरल्या वेळी संडासाला जायचं, येवो न येवो. मी कुरकुर केली की तीही बायकोमार्फतच वेणूपर्यंत पोचायची, थोडी धुऊन.

सहा महिन्यांत जळजळ गेली. सकाळची रांग संपली. आईच्या मायेनं जे कोणी केलं असतं, ते त्या वीस वर्षांच्या पोरीनं केलं, माझ्याशी एक शब्द न बोलता. एका बोटानं मी तिचं लग्न घालवत होतो, आणि तिनं माझं पोट सांभाळलं. हे ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही.

उलट आमच्या नंदनवन वस्तीत मी पचनाचा जाणकार म्हणून मिरवू लागलो. पोट बिघडलेले लोक संध्याकाळी अंगणात यायचे आणि मी आंबील, चालणं, वेळेवर जेवण यांवर प्रवचन द्यायचो. एकदा दुकानातले वामनराव आले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, हे तू शिकला कुठं?

मी छाती काढली. आत वेणू भाजी निवडत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला. माझी छाती आपोआप खाली आली.

"आमच्या वेणूनं शिकवलं," मी म्हणालो. "माह्यं पोट तिनंच वाचवलं."

आत पुन्हा भाजी निवडण्याचा आवाज सुरू झाला. मला फार हलकं वाटलं.

वामनरावांनी कप खाली ठेवला. "मंग आम्ही तुले काहून विचारून राहिलो गा?" असं म्हणून त्यांनी आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. फाटकातून आणखी दोघं पोट धरून येत होते. मी उठलो आणि त्यांच्यासाठी खुर्च्या आणायला गेलो. तेव्हापासून मी तेच काम करतो.