जावेची गोळी

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत. अठरा वर्षं एकच काम: पाकिटावर एक लेबल आणि आत भलताच माल असला की पकडायचा. तिच्या नजरेतून उसवलेला टाका सुटत नसे. नवरा बिचारा शर्टाची बटणं दोनदा तपासूनच तिच्यासमोर यायचा.

अशा बाईची पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबेना. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून एकवीस दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "यांनी भागलं नाही, तर गर्भपिशवी काढावी लागेल." ऑपरेशन तिला नकोच होतं. ती घड्याळ लावून गोळ्या घेऊ लागली. चौथ्या दिवशी रक्त थांबलं.

नवव्या दिवशी ती धाकट्या जावेकडे गेली, तर टेबलावर त्याच गोळीचं रिकामं पाकीट. नाव तेच, मिलिग्रॅमचा आकडाही तोच.

"तुला कशाला गं ही?"

"तीन महिने पाळी आली नाही ना ताई. ती यावी म्हणून दिलीय. पाच दिवसांचीच होती, आज संपली."

चेकरबाई चक्रावली. एकीची यावी म्हणून आणि दुसरीची थांबावी म्हणून एकच गोळी? लेबल एक, काम उलटं! म्हणजे औषधवाल्याने घोळ घालून आपल्याला पाळी आणायची गोळी दिली. पण मग आपलं थांबलं कसं? आपसूक थांबलं असेल. तिने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी जावेला पाळी आली. त्याच दुपारी चेकरबाई कारखान्यात भोवळ येऊन पडली. कपडे रक्ताने भिजले होते.

"शरीरातल्या हार्मोनची नक्कल आहे ही," दवाखान्यात तिच्याकडून जावेच्या गोळीचं सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी चालू असेपर्यंत आतलं अस्तर धरून ठेवते, बंद केली की ते गळतं. जावेचं गळायलाच हवं होतं. तुमचं धरून ठेवायचं होतं."

"म्हणजे औषधवाला बरोबर होता?"

"सगळेच बरोबर होते. तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"आता पिशवी काढणार?"

"आधी रक्त चढवू. मग गोळ्या पहिल्यापासून. ही शेवटची संधी."

घरी आल्यावर तिने पाकीट जावेच्या हाती दिलं. "रोज येऊन तूच देत जा. मी काही विचारलं तर बोलू नकोस, नुसतं पाणी पुढे कर."

"आणि तुम्हाला परत शंका आली तर?"

"आत्ताच आलीय," चेकरबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.