जीप बंद करणे आहे

माझ्या बायकोचे धाकटे काका सकाळी उठल्यावर आधी खिडकीतून सूर्याकडे बघतात, आणि तो कालचाच आहे याची खातरी पटली तरच दात घासायला जातात. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. अख्ख्या जपानात, म्हणजे जिथे विसरलेली छत्रीसुद्धा मालकाला शोधत परत येते त्या देशात, इतका संशयी माणूस दुसरा नसेल. छत्रीचंच सांगतो. एकदा नागोयाच्या सबवेत नानांची छत्री राहिली. दुसऱ्या दिवशी स्टेशनवरच्या माणसाने ती व्यवस्थित गुंडाळून, दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून परत दिली. दुसरा कुणी आभार मानून घरी आला असता. नानांनी ती छत्री आठवडाभर बाल्कनीत टांगून ठेवली. "इतकी नीट मी गुंडाळली नव्हती," ते म्हणाले, "म्हणजे यांनी उघडून बघितलीय." छत्रीत उघडून बघण्यासारखं काय असतं हे मी विचारलं नाही, कारण मग तुला कशाला चौकशी, हा प्रश्न ठरलेला होता.

नाना फार वर्षांपूर्वी नागोयाला आले. गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या करणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. ज्या गुणापायी घरच्यांची बोलणी खाल्ली त्याच गुणाचा कारखान्याने त्यांना जन्मभर पगार दिला. मी आलो तो सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली होती त्या दिवसांत. टोकियोत ओजिमाच्या वसाहतीत तेव्हा दर दोन दारांआड कुकरची शिट्टी ऐकू यायची. मी आलोय हे कळताच नानांचा फोन आला. "कंपनी खरी आहे ना? आत जाऊन बघितलीस?" मी रोज तिथेच काम करतो असं सांगितलं, तर म्हणाले, "ते तुला तसं वाटतंय." पुढच्या रविवारी ते स्वतः नागोयाहून जीप हाकत आले, माझ्या बंद ऑफिससमोर उभे राहिले, इमारत खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि "पाटी तर नवी दिसतेय" एवढा शेरा मारून आमच्याकडे जेवायला आले. शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, का आला नाहीत, असं बायकोने विचारलं. त्यावर त्यांचं मत असं, की इतकी वेळेवर येणारी गाडी काहीतरी लपवत असणार.

दुकानातली भाताची ओनिगिरी ते मधोमध फोडून, नाकाशी धरून, उजेडात फिरवून मगच खातात. आत आलुबुखाराच आहे असं वेष्टनावर छापलेलं असतं, पण छापणाऱ्याला काय जातंय. कचरा पारदर्शक पिशवीतून टाकायचा नियम झाला तेव्हा नाना पाकिटांवरचे पत्ते कात्रीने कापून निरनिराळ्या वारी टाकू लागले. जीपमध्ये काकूंनी रस्ता सांगणारं यंत्र बसवून घेतलं. त्यातली बाई डावीकडे वळा म्हणाली की नाना मुद्दाम सरळ जायचे. "आपण कुठे चाललोय हे हिला कसं कळलं?" त्यांनी मला विचारलं. तुम्हीच तर मघाशी लिहिलंत, मी म्हटलं. "मी लिहिलं ते ठीक आहे. पण तिने लक्षात का ठेवलं?"

काकू जपानी आहेत, ओसाकाकडच्या. सासूशी फोनवर बोलून बोलून त्यांचं मराठी इतकं चांगलं झालंय की माझी बायको अडली तर त्यांना शब्द विचारते. मात्र लग्न झाल्यावर सासूबाईंनी नवऱ्याला 'अहो' म्हणायला शिकवलं, तिथे काकू अडल्या त्या अडल्याच. त्यांच्या गावाकडे 'आहो' म्हणजे मूर्ख. चारचौघांत नवऱ्याला मूर्ख म्हणून हाक मारणं त्यांना काही जमेना, आणि नुसतं नाव घेणं सासूबाईंना चालेना. शेवटी दोन्ही घरांनी मिळून 'नाना-सान'वर समझोता केला; 'सान' म्हणजे आपल्या 'राव'सारखं. आजही त्या तसंच म्हणतात. "नाना-सान, वरण गरम आहे, फुंकून घ्या." नाना फुंकतात, पण आधी पातेल्यात डोकावून.

या माणसाचा संपूर्ण विश्वास फक्त दोघींवर. एक काकू, दुसरी जीप. कंपनीने त्या गाडीला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण नानांच्या लेखी रस्ता सोडून चिखलात उतरते ती जीप. चौकोनी तोंडाची, पत्र्याच्या दारांची, आत बसलं की कणा जागेवर आहे की नाही ते नक्की कळायचं. "हिच्यात सगळं उघड्यावर आहे," नाना सांगायचे. "हा बोल्ट, ही पट्टी. काही बिनसलं तर ओरडून सांगते. तुमच्या नव्या गाड्या गोड बोलतात आणि घाटात दगा देतात." बर्फात, समुद्राच्या वाळूत, डोंगरातल्या लाकूडतोड्यांच्या वाटांवर त्यांनी ती नेली होती, आणि या सगळ्या हौसेचा हिशोब तिच्या पोटाखाली गंजाच्या रूपाने जमत होता. गाडीची सरकारी तपासणी, ज्याला तिथे शाकेन म्हणतात, जवळ आली की नाना आजारी माणसाच्या नातेवाइकासारखे दिसू लागत. मेकॅनिक म्हणायचा, पुढच्या वेळी सांगाडा पास होणार नाही. "तो म्हणणारच. त्याचं दुकान आहे," नाना म्हणायचे. पण ही गेली तर तशीच दुसरी नवी आणायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं. दुसऱ्या कुठल्या गाडीचं नावही त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती.

आणि नेमकी बातमी आली की कंपनी ती जीपच बंद करतेय. गिऱ्हाईक उरलं नाही, अमुक महिन्यापर्यंत मागणी नोंदवा, पुढे कारखान्यातली तिच्या जुळणीची ओळ थांबेल. काकू म्हणाल्या, आजच नोंदवू या. नाना हसले. "मी कॉलेजात असताना लक्ष्मी रोडवर एक कापडाचं दुकान होतं. बाहेर पाटी, 'दुकान बंद करणे आहे'. मी पास झालो, नोकरीला लागलो, जपानला आलो. मागच्या वर्षी गेलो तर पाटी तीच, फक्त नव्याने रंगवलेली. हे तसंच आहे. बंद म्हटलं की माणसं धावतात." मी फोनवर सांगून पाहिलं, की नाना, ही जपानी कंपनी आहे, ती म्हणते तर करेल. त्यावर ते म्हणाले, "तुला त्यांच्याकडून काही मिळतंय का?"

त्या जीपच्या मालकांचं एक मंडळ होतं. त्यांनी निरोपासाठी एका नदीच्या कोरड्या पात्रात मेळावा ठेवला, आणि नाना मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. सगळीकडे जीपच जीप, धुऊनपुसून ओळीने लावलेल्या. एक म्हातारे गृहस्थ घडीची खुर्ची टाकून आपल्या जीपसमोर बसले होते. एक कॉफीचा कॅन त्यांच्या हातात, दुसरा तिच्या बॉनेटवर. एक मुलगी वडलांची जीप घेऊन आली होती. वडील आता नाहीत, तिला स्वतःला चढावर ती नीट हाकताही येत नाही, पण विकायचं नाव काढलं की आई जेवत नाही म्हणाली. कुणी भाषण केलं नाही. शेवटी सगळे आपापल्या गाडीकडे तोंड करून वाकले. मलाही गलबलून आलं, आणि माझ्याकडे तर सायकल होती. नाना माझ्या कानाशी लागले. "यातले निम्मे कंपनीचे आहेत. खरं कुणी इतकं रडत नाही." असं म्हणून त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि डिझेलचा धूर फार झालाय म्हणाले. त्या वेळी एकही इंजिन चालू नव्हतं.

मुदत संपत आली तेव्हा काकूंचा मला फोन आला. त्यांनी नानांना न सांगता स्वतःच्या नावाने एक जीप नोंदवून टाकली होती. "ते विश्वास ठेवतील, पण बंद झाल्यावर ठेवतील," काकू म्हणाल्या. "तू बोलू नकोस हं." मी बोललो नाही. पण जपानात गाडी घ्यायची तर ती उभी करायला जागा आहे हे पोलिसांना दाखवावं लागतं, आणि जागा बघायला माणूस येतो. तो नेमका नाना बाल्कनीत असताना आला. त्याने त्यांच्या जीपच्या भोवती टेप धरली, काहीतरी लिहिलं, इमारतीकडे बघितलं आणि गेला. नानांनी मला ऑफिसात फोन केला. आवाज एकदम खाली. "माप घेऊन गेले. माझ्या जागेचं." कोण, मी विचारलं. "तेच तर. कोण असं विचारावं लागतं, यातच सगळं आलं." काकू शेजारीच भाजी चिरत होत्या म्हणे. आयुष्यभर हवेत काठी फिरवणाऱ्या नानांच्या घरात खरोखरचा कट शिजत होता, आणि तो कट करणाऱ्या बाईवर त्यांना संशय घ्यायचं सुचलं नाही.

मग ती ओळ खरंच थांबली. पेपरात शेवटच्या जीपचा फोटो आला, भोवती कारखान्यातली माणसं टोप्या काढून उभी. "फोटो काय, कसाही काढता येतो," नाना मला म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. पाठोपाठ त्यांची जुनी जीप तपासणीत नापास झाली. त्यानंतर काकूंचा जो फोन आला तो मला अजून आठवतो. "ते ओनिगिरी न फोडता खातात," त्या म्हणाल्या.

नवी जीप आली त्या रविवारी काकूंनी आम्हाला नागोयाला बोलावून घेतलं. जुनी जीप सोपवायची आहे, एवढंच नानांना सांगितलेलं. शोरूमच्या अंगणात नवी उभी होती, तेच चौकोनी तोंड, नंबरच्या पाटीवर रिकाम्या जागी दोन ठिपके आणि पुढे ७३. नाना तिच्याभोवती एक फेरी मारून आले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर ओळखीची आठी दिसली.

"त्र्याहत्तर," ते मला म्हणाले. जपानात कितीही वर्षं काढली तरी आकडे ते मराठीतच वाचतात. "त्र्याहत्तर काय आहे? कुणाचं वय? आणि ठिपके देऊन पुढचे दोन आकडे का लपवलेत?" मग सेल्समनकडे वळून त्यांनी जपानीत विचारलं, "ही कोणाची गाडी?"

"नाना-सान," सेल्समन वाकून म्हणाला.

"हो, बोला. गाडी कोणाची?"

"नाना-सान."

"अहो, मी ऐकतोय." घाईत त्यांच्या तोंडून मराठी 'अहो' निघून गेलं, आणि सेल्समन आणखी खाली वाकला.

शेवटी काकू पुढे आल्या. त्यांनी पाटीवरच्या साताच्या आकड्यावर बोट ठेवलं. "नाना," त्या म्हणाल्या. सात म्हणजे जपानीत नाना. मग बोट तिनावर सरकवलं. "सान." तिथे हौशी लोक आपल्याला हवा तो आकडा मागून घेतात, त्यातून शब्द वाचतात. इतकी वर्षं ज्या नावाने त्या हाक मारत होत्या, ते नाव त्यांनी गाडीच्या तोंडावर लावून घेतलं होतं.

नाना पाटीवरून काकूंकडे वळले. "कधी केलंस हे?"

"तुम्ही लक्ष्मी रोडच्या दुकानाची गोष्ट सांगत होतात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं तर तुम्ही मला पण कंपनीचं माणूस म्हटलं असतं."

नाना जुन्या जीपमध्ये जाऊन बसले, एकदा इंजिन चालू केलं, ऐकलं, बंद केलं. मग उतरून त्यांनी चावी सेल्समनच्या हातात दिली. ती पुढे कुठे जाईल, तिचे सुटे भाग करतील का, कोण कोण हात लावेल, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. मला ते बघवेना.

परत येताना नवी जीप ते चालवत होते, मी शेजारी, काकू आणि माझी बायको मागे. यंत्रातली बाई डावीकडे वळा म्हणाली आणि नाना निमूटपणे डावीकडे वळले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी समोरच्या पत्र्यावरून हात फिरवला.

"खरंच बंद केली रे यांनी," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, फसवतायत. फसवत असते तर किती बरं झालं असतं."