तार जोडणारा माणूस

निपाणीजवळ हायवेचं काम चालू असताना जेसीबीनं केबल तोडली आणि आमच्या भागातले फोन बंद पडले. दुपारी रस्त्याकडेला फोन कंपनीचा एक माणूस छत्री रोवून बसलेला दिसला, म्हणून मी गाडी थांबवली. केसासारख्या बारीक काचेच्या तारा स्पिरिटनं पुसून तो एका छोट्या यंत्रात जोडत होता. तार पुसताना श्वाससुद्धा रोखून धरायचा.

"यातनं बोलणं कसं जातं?" मी विचारलं.

"उजेड होऊन जातंय, अण्णा," मान वर न करता तो म्हणाला. "आज माझं बी अडकलंय. लेक बेळगावात दवाखान्यात हाय, बाळंतपणाला. सकाळपासनं फोन लागंना."

"मग कंपनीनं दुसरा माणूस पाठवायचा की!"

"कंपनी लई मोठी हाय. पण ह्या रस्त्याला मी एकटाच."

शेवटची तार जोडून झाली आणि थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. बायकोचा होता.

"नात झाली! दोघी बऱ्या हाईत," पलीकडचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू आला.

तो मात्र फोन कानाला घट्ट लावून म्हणाला, "परत सांग गं. नीट ऐकू आलं न्हाय."